दहा सेकंदांची हातचलाखी

माझ्या डाव्या हातानं मला पहिला दगा दिला तो डोणगावच्या एका शाळेच्या गॅदरिंगमध्ये, आणि त्या दिवशी मला जितक्या टाळ्या पडल्या तितक्या चाळीस वर्षांत क्वचितच पडल्या असतील.

मी जादूगार आहे. खामगावला राहतो, वय सदुसष्ट. बुलढाणा जिल्ह्यात फार थोड्या शाळा असतील, जिथं मी रुमालातून कबुतर काढलेलं नाही. माझा एक जुना खेळ आहे, न संपणाऱ्या पाण्याचा तांब्या. तांब्या पालथा करायचा, शेवटच्या थेंबापर्यंत ओतून दाखवायचा, बाजूला ठेवायचा. दुसरा एखादा खेळ झाला की पुन्हा उचलायचा, पुन्हा पाणी. असं सहा-सात वेळा. यात डाव्या अंगठ्याचं काम असतं, एवढंच सांगतो; पुढचं विचारू नका, पोटाचा प्रश्न आहे.

त्या दिवशी तिसऱ्या वेळी पाणी थांबायचं तिथं थांबलंच नाही. अंगठा जागेवर आहे असं मला वाटत होतं आणि तो जागेवर नव्हता. सगळं पाणी स्टेजवर. एक सेकंद मी बघत राहिलो. मग हात वर करून ओरडलो, "गुरुजी, यंदा पाणी लय आहे, विहिरी झाकून ठेवा!" पोरं बाकांवर चढली. हेडमास्तर उभे राहून टाळ्या वाजवायला लागले.

पडद्याआड माझी बायको सुमन उभी होती. लग्नापासून छत्तीस वर्षं ती माझ्या खेळात आहे. पेटीत बसणारी, गायब होणारी, तलवारी झेलणारी तीच.

"हे काय नवीन काढलं?" तिनं विचारलं.

"हो, नवीनच," मी म्हणालो.

तिनं माझ्या अंगठ्याकडं पाहिलं आणि ओला गालिचा गुंडाळायला गेली.

पंधरा वांगी

हे लिहायचं कारण आधी सांगतो. दवाखान्यात वाटायला ठेवलेली माहितीपत्रकं मी सगळी वाचली. काय खावं, काय उचलू नये, कसं झोपावं, सगळं त्यात होतं. पेशंट स्वतःच डॉक्टरला कसा फसवतो, हे कुठंच नव्हतं. त्या विषयात माझा हात धरणारा दुसरा सापडणं कठीण, म्हणून मीच लिहायला बसलो.

मी मूळचा अमडापूरचा. आमची भाजीपाल्याची शेती, विहिरीच्या पाण्यावरची. वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर. आठवडी बाजारात वडिलांसोबत टोपली घेऊन बसायचो. एका बाजारी एक म्हातारा जादूगार आमच्यासमोर चादर पसरून बसला. त्यानं माझ्या टोपलीतलं एक वांगं उचललं, मोडलं आणि त्यातून नाणं काढलं. लोक हसले, पांगले. माझं डोकं मात्र तिथंच अडकलं. पुढच्या बाजारापर्यंत मी पंधरा वांगी कापून पाहिली. एकातही काही नव्हतं. वडिलांनी मला कापायचंच तेवढं बाकी ठेवलं.

त्या म्हाताऱ्याला आम्ही उस्ताद म्हणायचो. त्याच्या मागं मी सात वर्षं फिरलो. त्यानं शिकवलेला पहिला धडा हाताचा नव्हता. "बेटा, चूक झाली तं तोंड पाडू नोको," तो म्हणायचा. "चुकीलेच खेळ बनव. लोकाइले काय माहीत तुले काय करायचं होतं?"

हा धडा मी इतका घटवला की पुढं चूक आणि खेळ यांत मलाही फरक कळेनासा झाला.

लपवालपवी

डोणगावनंतरचे महिने आठवले की मला अजून आश्चर्य वाटतं ते माझ्या हुशारीचं, आणि लाज वाटते तीही तिचीच.

पत्ते निसटायला लागले. मी पत्त्यांचे खेळ बंद केले आणि सांगितलं की आता पोरांना पत्ते आवडत नाहीत. शर्टाची बटणं लागेनात. मी डोक्यातून घालायचे झब्बे शिवून घेतले आणि सांगितलं की कलाकार माणसाला शोभतात. चालताना पायाखाली गादी असल्यासारखं व्हायचं. मी हातात चांदीच्या मुठीची काठी घेतली. लोक म्हणाले, काय रुबाब! प्रत्येक दुखण्याला मी एक एक पोशाख चढवत गेलो.

सुमननं तीन-चारदा विचारलं, "हात दुखते का?" प्रत्येक वेळी मी तिला हसवलं. हसणाऱ्या माणसाचं लक्ष दोन सेकंद नसतं, आणि माझ्या धंद्यात दोन सेकंद म्हणजे पुष्कळ.

शेवटी तिनं हट्टानं गावातल्याच एका डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी दोन बोटं पुढं करून म्हटलं, दाबा. मी डाव्या हाताला खांद्यापासून असा हिसका दिला की त्यांना जोर लागल्यासारखं वाटावं. त्यांनी ताकदीच्या गोळ्या दिल्या. त्यांचा दोष नाही. त्यांच्यासमोर पेशंट बसलाच नव्हता, जादूगार बसला होता.

सुमन बोलली

उन्हाळ्यात मी जिन्यावरून घसरलो. पडलो नाही, पण काठी सुटून खाली गडगडत गेली आणि मला ती हातातून सुटल्याचं तिचा आवाज आल्यावर कळलं. तेव्हा मात्र सुमननं काही ऐकलं नाही. अकोल्याला मेंदू आणि मणक्याच्या डॉक्टर होत्या, त्यांच्याकडं आम्ही गेलो.

डॉक्टर तरुण होत्या, चष्म्याच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी एक साधी गोष्ट करायला सांगितली. दोन्ही हात पुढं करायचे आणि दहा सेकंदांत जितक्या वेळा जमेल तितक्या वेळा मुठी उघडायच्या, मिटायच्या. त्या मोजणार.

आता खरं सांगतो. मी ठरवून काही केलं नाही. समोर कोणीतरी टक लावून हात बघतंय, एवढं पुरलं. बाकीचं हातानं आपलं आपण केलं. उजवी मूठ मी थोडी पुढं आणि वर ठेवली, झोकात उघडमीट सुरू केली. डावी तिच्या मागं अर्धीमुर्धी हलत होती. मध्येच मी म्हणालो, "मॅडम, तुमचं घड्याळ बंद पडलं वाटते." त्यांनी मनगटाकडं पाहिलं. तेवढ्यात दहा सेकंद सरले.

"बावीस," त्या म्हणाल्या. "ठीक आहे."

मला बरं वाटलं. खेळ चांगला झाला की वाटतं तसं बरं वाटलं.

"मॅडम," सुमन म्हणाली, "ह्या मानसानं आत्ता तुमाले फसवलं."

इथं आमच्या धंद्याची एक रीत सांगायला हवी. खेळातला माणूस खेळाचा भेद कोणाला सांगत नाही. सख्ख्या भावाला नाही, आईला नाही. सुमनची आई जावयाच्या पेटीत लेक जिवंत कशी राहते हे न कळताच देवाघरी गेली. शेवटच्या आजारात तिनं विचारलं होतं, तेव्हाही सुमन नुसती हसली होती. आणि तीच बाई एका परक्या डॉक्टरसमोर, माझ्यादेखत, माझा खेळ उघडा करत होती.

"घड्याळाकडं त्याइनं मुद्दाम पाह्याले लावलं तुमाले. उजवी मूठ समोर धरली होती. डावा हात अर्धाच मिटून राह्यला होता. उजवा हात त्याइच्या मांडीखाली ठेवा अन् मंग मोजा."

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. मग मला सांगितलं, उजव्या हातावर बसा.

मी बसलो. डावा हात एकटाच पुढं आला. मी जोर लावला, कपाळावर घाम आला. बोटं पाण्यातून चालल्यासारखी हलत होती. करंगळी तर घरच्यांशी भांडून वेगळी निघालेली, मिटायलाच तयार नाही. मला तिचं इतकं नवल वाटलं की मी मोजायचं विसरून तिच्याकडंच बघत बसलो.

"सात," डॉक्टर म्हणाल्या.

पेटीत

एमआरआयच्या त्या नळीत मला आत सरकवताना सुमन दारात उभी होती. "आता समजीन," ती म्हणाली, "पेटीत कसं वाटते ते." तिथली सिस्टर हसली. मी नाही हसलो. मला राग आला होता.

आत ठकठक, घरघर, जणू डोक्यावर कोणी पत्रे ठोकतंय. हलायचं नाही. अर्धा तास मी नाकासमोरच्या पांढऱ्या भिंतीकडं बघत छत्तीस वर्षांचा हिशोब करत होतो: सुमन आमच्या पेटीत किती मिनिटं बसते, तिचे गुडघे कुठं जातात, उन्हाळ्यात आत किती उकडत असेल. इतक्या वर्षांत हे मी तिला एकदाही विचारलं नव्हतं.

रिपोर्ट आला. मानेतला मणका आतल्या मज्जारज्जूला दाबत होता, आणि हे काही आजकालचं नव्हतं. डॉक्टरांनी विचारलं, शेती आहे का? म्हटलं, होती, भाजीपाल्याची. "मग सोपं आहे. पाण्याच्या पाइपवर कोणी पाय देऊन उभं आहे. ऑपरेशन करून तो पाय मी काढू शकते. पण तोवर जे वाफे वाळले, ते सगळे हिरवे होतील असं सांगू शकत नाही."

"हात परत येईल का?" मी विचारलं.

"आणखी बिघडणार नाही, बहुतेक. परत किती येईल ते येईल तेव्हा कळेल. तुम्ही सहा महिने आधी आला असता तर मी जास्त धीर देऊ शकले असते."

सहा महिने आधी म्हणजे डोणगाव. टाळ्या मला अजून ऐकू येत होत्या.

अबोला

घरी आल्यावर मी सुमनशी दोन दिवस बोललो नाही. मला आजार झाला याचा राग नव्हता. तिनं भेद सांगितला याचा होता. मनात म्हणत होतो, मरू दे तो हात, पण परक्यासमोर? माणूस किती मूर्ख असू शकतो याचा अंदाज मला त्या दोन दिवसांत आला.

तिसऱ्या दिवशी ती जेवणाचं ताट घेऊन आली. ठेवलं, आणि गेली नाही.

"बोलाचं नसन तं नोका बोलू," ती म्हणाली. "मी बोलतो थे आयका. छत्तीस वर्ष मी पेटीत गप बसली, तुमी सांगितलं म्हून. तलवारी माह्या बाजूनं जात होत्या, मले कधी भेव नाई वाटलं. काऊन की तुमचा हात चुकत नोता. अन् आता हात चुकून राह्यला, तं तुमी सगळ्या दुनियेआधी मलेच फसवलं?"

तिनं ताट माझ्यापुढं सरकवलं.

"चिखलीच्या कार्यक्रमात तलवार माह्या पदरातून गेली. पदर फाटला. मी आतून शिवून घेतला, तुमाले दाखवला नाई. म्हटलं आज सांगतीन, उद्या सांगतीन. तुमी काई सांगितलं नाई."

ती उठली, ट्रंकेतून जांभळी साडी काढली आणि पदर माझ्या मांडीवर टाकला. बारीक टाके होते, बोटभर लांब.

मला हाताची काळजी होती. हात गेला तर मी कोण, हाच एक विचार गेले काही महिने डोक्यात होता. बधिर हातानं मी बायको बसलेल्या पेटीत तलवारी खुपसतोय, हा विचार एकदाही आला नव्हता. हे लिहिताना आजही अंगावर काटा येतो. मी तिथं बसून रडलो, चांगला हमसून हमसून रडलो. सुमननं रडू दिलं. मग म्हणाली, "जेवा आता, वरन थंडं होऊन राह्यलं."

वॉर्डातले दिवस

ऑपरेशनची भीती वाटली का, असं लोक विचारतात. वाटली. पण खरं सांगू का, भीतीच्या जोडीला उत्सुकताही होती. भूल देणारे डॉक्टर म्हणाले, वीसपासून उलटे अंक म्हणा. मी मनाशी ठरवलं, आपण कुठल्या क्षणी जातो तो क्षण पकडायचाच. आयुष्यभर दुसऱ्यांना गायब केलं, आता स्वतःवर लक्ष ठेवायचं. वीस, एकोणीस, अठरा म्हटलेलं आठवतं. त्यानंतर एकदम सुमनचा चेहरा आणि गळ्यात पट्टा. मधला क्षण काही सापडला नाही. असा सफाईचा खेळ मी जन्मात पाहिला नाही.

कापलं होतं समोरून, गळ्यावर. त्यामुळं आवाज बसला. चाळीस वर्षं विनामाईक पटांगण भरून टाकणारा माझा आवाज चिलटाएवढा झाला. डॉक्टर म्हणाल्या, येईल परत, घाबरू नका. आला, पण सव्वा महिना लागला. तोवर मऊ खिचडी, पातळ वरण, आणि भाकरी नुसती आठवायची.

वॉर्डाचा दिवस फार लवकर सुरू होतो. सहाच्या आत फिनाइलचा वास, मग स्टीलच्या पेल्यातला चहा, मग सिस्टर: "बाबा, बोटं हलवा." पहिले दोन दिवस मी डावा हात चादरीखालीच ठेवून उजवा हलवायचो. सवय! सिस्टरही वस्ताद होती, चादर ओढायची. तिसऱ्या दिवसापासून मी हात आधीच वर काढून ठेवायला लागलो. वाचायला ही गोष्ट किरकोळ वाटेल. मला ती ऑपरेशनपेक्षा अवघड गेली.

झाडलोट करणाऱ्या एक मावशी होत्या. मी जादूगार आहे हे त्यांना सुमनकडून कळलं. "काई तरी करून दाखवा नं, बुवा," म्हणाल्या. मी गोळ्यांचा रिकामा कागद बोटांत धरला. तो पडला. त्यांनी उचलून दिला. पुन्हा पडला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मावशींनी झाडू भिंतीला टेकवला. "बरं, मंग मी दाखवतो," म्हणाल्या. पदराचा एक दोरा तोडला, बोटाला गुंडाळला, फूऽ केलं आणि ओढला. दोरा बोटातून आरपार निघून आला. म्हणजे त्यांच्या मते आला. मला सगळं दिसत होतं, दोऱ्याचं दुसरं टोक मुठीतून लोंबत होतं. पण मी टाळ्या वाजवल्या. डाव्या हातामुळं टाळीचा आवाज नीट येत नव्हता, तरी वाजवल्या.

"मावशी, दोरा निघाला कसा?" मी त्या चिलटाच्या आवाजात विचारलं.

"थे नाई सांगत," मावशी म्हणाल्या. "माह्या बापानं शिकवलं मले." आणि झाडू घेऊन पुढच्या खाटेकडं गेल्या. आजारपणात मला ज्या गोष्टींनी तारलं, त्यांत ही एक.

पुन्हा एकदा शिकाऊ

त्यानंतरचे महिने व्यायामाचे. फिजिओथेरपीची मुलगी माझ्या मुलीच्या वयाची, पण उस्तादापेक्षा कडक. परातीत तुरीची डाळ आणि हरभरे एकत्र करायची आणि डाव्या हातानं निवडायला लावायची. चार हरभरे वेगळे काढायला सुरुवातीला मला पंधरा मिनिटं लागत. उजव्या हाताला तिनं चक्क मोजा घातला होता, मध्ये येऊ नये म्हणून.

पण काय सांगू, मजाही येत होती. अंगठा तर्जनीला भेटायला कसा निघतो, वाटेत कुठं अडतो, मधलं बोट त्याला कसं वाट दाखवतं, हे मी लहान मूल बघतं तसं बघायचो. बारा वर्षांचा असताना ही बोटं मी शिकवून तयार केली होती, तेव्हा घाईत काही पाहायचं राहून गेलं होतं. एके दिवशी दुपारी अंगठा आपणहून तांब्याच्या काठावर गेला आणि थंड लागला. मी सुमनला हाक मारली. ती पीठ लागलेल्या हातानं धावत आली, तिला वाटलं मी पडलो. "थंडं लागलं," मी म्हणालो. तिनं कपाळाला हात लावला, सगळं पीठ कपाळावर.

आज दहा महिने झाले. चाल सुधारली, काठी सुटली. डाव्या हाताची तीन बोटं कामाला लागली आहेत. अनामिका आणि करंगळी अजून झोपलेली आहेत आणि आता उठतील असं डॉक्टरांना वाटत नाही. मी लहान कार्यक्रम करतो, दोरीचे, रुमालांचे. पत्ते सोडले, या वेळी खरं कारण सांगून सोडले. तलवारीची पेटी घरात आहे. तिच्यात सुमन गोधड्या ठेवते.

गजाभाऊ

गळ्यावरच्या जखमेमुळं मी कितीतरी दिवस दाढी केली नव्हती. चांगली छातीपर्यंत वाढली. गेल्या महिन्यात एका शाळेचं बोलावणं आलं, तेव्हा सुमन म्हणाली, "पोरं भेतीन, काढून या." मी आमच्या नेहमीच्या सलूनमध्ये गेलो. गजाभाऊचं दुकान, वीस वर्षांची ओळख. पन्नाशीचा गडी, बोलण्यात पटाईत.

दुपारची वेळ, दुकानात दुसरं कोणी नव्हतं. गजाभाऊनं कात्रीनं लांब दाढी आखूड केली, वाटीत गरम पाणी घेतलं आणि कोपर बुडवून पाहिलं, बाळंतीण बाळाला न्हाऊ घालताना पाहते तसं. साबण लावला, ब्लेड बदललं. उजवा गाल झाला. मग म्हणाला, "काका, समोरच्या पानठेल्यावर पाहा, काय गंमत होऊन राह्यली!"

दुसऱ्या कोणी पानठेल्याकडं पाहिलं असतं. मी आयुष्यभर लोकांना भलतीकडं बघायला लावलं, त्यामुळं कोणी बोट दाखवलं की माझी नजर उलटीकडं जाते. मी आरशात त्याच्या हाताकडं पाहिलं. तेवढ्या वेळात त्यानं वस्तरा टेबलाच्या कडेला टेकवून बोटांत पुन्हा बसवला होता. पुढच्या विनोदाला पुन्हा तेच. त्याच्या पुढच्यालाही.

"गजाभाऊ," मी म्हणालो, "कितीक दिवस झाले?"

"कायले, काका?"

"हाताले."

वस्तरा थांबला. आरशात त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि मग दाराकडं. दारात कोणी नव्हतं.

"तुमाले कोनं सांगितलं?"

"तुमच्या कोपरानं. पानी गरम का थंडं, बोटाले समजत नाई नं?"

तो हातातल्या वस्तऱ्यावरचा फेस पुसत राहिला. "दिवाळीपासून," शेवटी म्हणाला. "घरी बी माहीत नाई. काका, तुमच्या पाया पडतो, कोनाले सांगू नोका. गिऱ्हाइकाले समजलं तं गळ्यावर वस्तरा कोन ठेवू देईन?"

मी डोकं मागं टेकवलं आणि हनुवटी वर केली. गळ्यावरचा व्रण त्याच्यासमोर आला.

"ठेवा," मी म्हणालो. "उरली तेवढी करून टाका. फक्त आता मले हसवू नोका. हात जसा चालते तसा चालू द्या."

त्यानं माझ्याकडं पाहिलं. मग कामाला लागला. हात थरथरत होता आणि या वेळी त्यानं तो थरथरू दिला. एक गाल व्हायला सगळी दुपार गेल्यासारखी वाटली. भीती कोणाला चुकली आहे? हनुवटीखाली तो हळूहळू उतरला आणि व्रणापाशी येऊन थबकला. एकदा पुढं झाला, मागं आला. पुन्हा पुढं झाला. मग त्यानं वस्तरा वाटीत टाकला आणि खुर्चीचा हात धरून उभा राहिला.

"नाई, काका," तो म्हणाला. "इथं मले जमत नाई."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या अकोल्याच्या गाडीत आम्ही चौघं होतो: गजाभाऊ, त्याची बायको, सुमन, आणि गळ्यावर चार बोटं दाढीचा पट्टा तसाच राहिलेला मी.